लॉनवरची फक्की

बुरशी कुणाकडून कुणाकडे जाते, हे मला कुणी शिकवू नये. सगळी नोकरी मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून केली. नायटे पाहिले, पायाच्या बोटांतल्या चिखल्या पाहिल्या, एका टॉवेलवरून अख्ख्या घराला लागलेली खाज पाहिली. त्यामुळं गेल्या वर्षी गणपती उठल्यावर शेजारचा हर्षल आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "काकू, ही बुरशी तुमच्या बाजूनं आमच्याकडं आली," तेव्हा मी हातातला कप शांतपणे खाली ठेवला. कप शांतपणे ठेवला म्हणजे मी शांत होते असं कुणी समजू नये.

केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडं आत, आमचे दोन बंगले एकमेकांना लागून आहेत. पूर्वेचा आमचा, पश्चिमेचा गोरक्षभाऊंचा. बिल्डरनं मधली भिंत बांधलीच नव्हती आणि आम्हा दोन्ही घरांनाही ती कधी हवीशी वाटली नाही. त्यामुळं पुढच्या अंगणात दोघांत मिळून एकच लॉन. आमची हद्द कुठं संपते हे फक्त नकाशावर कळायचं. लॉन एक, गवत कापायचं मशीनही एक. तेही सामाईक घेतलेलं आणि गोरक्षभाऊंच्या शेडमध्ये ठेवलेलं, कारण ते चालवायची हौस त्यांनाच. संध्याकाळी मालनबाई, म्हणजे गोरक्षभाऊंची बायको, आणि मी त्या गवतावर खुर्च्या टाकून चहा प्यायचो. माझे यजमान प्रवीण बँकेतून निवृत्त झालेले, ते पेपर वाचत बाजूला बसायचे.

आम्ही बौद्ध. ते नेवाशाकडचं बागायतदार शेतकरी घराणं. हे इथंच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकरणात बाकी सगळ्यांचं एवढं एक सोडून सगळं बोलून झालंय.

तर बुरशी. ती आली कशी, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गोरक्षभाऊंचा जन्म उसात गेला. त्यांना पाणी देता येत नाही, पाणी भरता येतं. आमच्याकडं नळ यायचा संध्याकाळी. नळ आला की ते पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून पाइप घेऊन उभे राहायचे, आणि लॉनमध्ये पाऊल घातलं की पचक असा आवाज आल्याशिवाय पाइप सोडायचे नाहीत.

"गोरक्षभाऊ, गवत रात्रभर ओलं राहतं," मी कितीदा म्हणाले.

"सिस्टर, उसाला रातचं पानी भरतो आमी. मरतोय का ऊस?"

"हा ऊस नाही."

"गवतच हाय ना त्येबी. जातकुळी एकच."

यावर ते स्वतःच हसायचे. वर युरिया. महिन्याला मूठभर पुरतो, ते ओंजळीनं फेकायचे, आणि भर पावसाळ्यात. दोन दिवसांत लॉन असं हिरवंगार व्हायचं की रस्त्यानं जाणारे थांबायचे. गोरक्षभाऊंची छाती फुगायची. मला मात्र ते गवत बघून शुगर वाढलेला माणूस आठवायचा, गुबगुबीत, आणि जखम झाली की भरून न येणारा. त्यात कापायचं तेही अगदी मुळापर्यंत, सणाच्या आदल्या दिवशी पोरांचे केस मारतात तसं. गवत ओलं असतानाच.

श्रावणात पहिला चट्टा पडला, तो त्यांच्या नळाशेजारी. गोल, तळहाताएवढा, मधे वाळलेल्या पेंढ्यासारखा आणि कडेनं धुरकट. पहाटे दव असताना वाकून बघितलं तर गवताच्या पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. मी गोरक्षभाऊंना बोलावून दाखवलं. "हुमणी आसंल," असं म्हणून त्यांनी त्या मुळं खाणाऱ्या अळीसाठी कीटकनाशक ओतलं आणि पुन्हा युरिया टाकला. नंतर त्याच चट्ट्यावरून मशीन फिरवलं, आणि तेच मशीन, तीच ओली पाती, माझ्या बाजूला. आमचा भाग थोडा उताराला आहे. त्यांचं भरलेलं पाणी वाहून माझ्याकडं साचायचं. गणपतीपर्यंत माझ्या बाजूला परातीएवढे चट्टे पडले होते, त्यांच्याकडं बशीएवढे.

हर्षलनं वरच्या गॅलरीतून परात पाहिली आणि निकाल लावला.

गोरक्षभाऊंचा हा हर्षल वाईट मुलगा नाही. एमआयडीसीत चांगल्या कंपनीत आहे, बोलतो गोड. परीक्षेच्या वर्षी त्याला कावीळ झाली होती तेव्हा सलाइन मीच लावली होती. त्या दिवशी तो ओट्यावर बसून म्हणाला, "संस्कृतीचं स्थळ बघतोय आम्ही. पाहुणे घरी येणार. अंगण असं दिसलं तर काय म्हणतील? दसऱ्यापर्यंत गेली तर ठीक, नाहीतर मधून भिंत घालून घेऊ. म्हणजे कसं, तुमचं तुमच्याकडं, आमचं आमच्याकडं."

संस्कृती त्याची धाकटी बहीण. गुणी पोर. तिचं जमावं असं मलाही मनापासून वाटत होतं. पण "तुमचं तुमच्याकडं" हे शब्द मी याआधीही ऐकलेत, आणि ते बुरशीबद्दल नव्हते.

तो गेल्यावर प्रवीण म्हणाले, "भारती, त्याला बुरशीचं काही पडलेलं नाही. परवा स्थळ घेऊन मध्यस्थ आला होता. उघड्या दारातून आपल्या हॉलमधली बुद्धमूर्ती बघून गेला, दारावरची नावाची पाटी वाचून गेला. तुझ्या लक्षात नाही का आलं?"

"आलं."

"मग कशाला लागतेस त्या लॉनच्या नादी?"

"बुरशीचं कारण त्यानं दिलंय, मी नाही. ते कारण मी त्याच्या हातातून काढून घेते. मग काय उरतं ते बघू."

प्रवीणांनी पेपर उघडला. ते कधीच फार बोलत नाहीत. घरात एकानं तरी डोकं थंड ठेवावं असं त्यांचं म्हणणं, आणि ते काम त्यांनी लग्नाच्या दिवसापासून स्वतःकडं घेतलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोरक्षभाऊंच्या दारात गेले. हातात त्यांच्याच बाजूच्या चट्ट्याच्या कडेचं उपटलेलं गवत. ओढलं की पातं अलगद निघून यायचं, खालून कुजलेलं, तपकिरी.

"हुमणी असती तर मूळ खाल्लेलं असतं," मी म्हणाले. "मूळ बघा, शाबूत आहे. पातं बुडाशी सडलंय. ही बुरशी आहे, आणि तिला तुम्ही रोज संध्याकाळी जेवायला वाढताय."

"आता काय करायचं म्हनता?"

"मी सांगते तसं वागायचं. दसऱ्यापर्यंत पाइप माझ्याकडं, युरियाची गोणी कुलपात, आणि मशीन माझ्या परवानगीशिवाय शेडमधून हलायचं नाही."

वॉर्डात असताना माझ्या या आवाजाला भलेभले पेशंट घाबरायचे. गोरक्षभाऊंनी निमूट मान हलवली. मालनबाई आतून पदर तोंडाला लावून हसत होती.

लोकांना वाटतं रोग म्हणजे औषध. दुकानात जायचं, पुडी आणायची, फवारायची, मोकळं व्हायचं. पण नायट्यालासुद्धा नुसतं मलम लावून भागत नाही, आधी जागा कोरडी ठेवावी लागते. मी पहिल्यांदा पाणी बंद केलं. पाऊस थांबला होता, जमीन चांगली भिजलेली होती. पुढं पाणी द्यायचं ते पहाटे, नळाचं साठवून ठेवलेलं, म्हणजे दुपारपर्यंत पाती वाळतील. आणि रोज शिंपडायचं नाही. एकदा द्यायचं ते मुळापर्यंत पोचेल इतकं, मग माती वरून कोरडी होईपर्यंत थांबायचं. मशीनची पाती काढून घासली, जंतुनाशकानं पुसली, धार लावून आणली. बोथट पात्यानं गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेल्या टोकातून रोग आत शिरतो. कापायची उंची वाढवली. कापलेलं गवत गोळा करून पोत्यात भरून बाहेर, तिथंच कुजत ठेवायचं नाही. दाताळ्यानं खालचा वाळलेला थर ओढून काढला तर दोन्ही बाजूंनी मिळून ढीगभर निघाला. मातीला श्वास घ्यायलाच जागा नव्हती. मग बागेच्या लोखंडी काट्यानं जमिनीला भोकं पाडली आणि त्यात वाळू भरली. प्रवीणांनी त्यांची पेपरची वेळ सोडून भोकं पाडली, हेही सांगायला हवं.

औषध सगळ्यात शेवटी. कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणलं, पुडीवर लिहिलं होतं तेवढंच पाण्यात घातलं. गोरक्षभाऊ मागून म्हणाले, "सिस्टर, आजून थोडं टाका की, जोर येईल." मी फक्त वळून पाहिलं. वाऱ्याची बाजू बघून, हातमोजे, मास्क लावून फवारलं, चट्ट्यावर आणि चट्ट्याबाहेर वीतभर. काही दिवसांनी दुसऱ्या जातीचं बुरशीनाशक, कारण तेच तेच दिलं की बुरशी निर्ढावते. हे सगळं दोन्ही बाजूंना केलं. अर्धा पेशंट बरा करता येत नाही.

राहिलं दव. भाद्रपद सरता सरता पहाटे दव पडू लागलं आणि पाती पुन्हा ओली राहू लागली. त्यावर उपाय मालनबाईनं काढला. शेतातल्या विहिरीत मोटार सोडायचा जाड दोर तिनं आणला. उजाडलं की ती तिच्या कडेला एक टोक धरायची, मी माझ्या कडेला दुसरं, आणि आम्ही दोघी तो दोर लॉनवरून ओढत रस्त्यापासून ओट्यापर्यंत यायचो. दोर गवतावरून सरकला की दवाचे थेंब खाली झडायचे आणि पाती सरळ व्हायची. दोघी नऊवारी-सहावारी खोचून दोर ओढताना बघून दूधवाला रोज हसायचा. आम्हीही हसायचो. खरं सांगते, त्या सकाळी मला फार आवडल्या. मला वाटलं, ही बाई माझ्यासोबत दोर धरतेय, म्हणजे हिला भिंत नको आहे.

एका सकाळी ती दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "ताई, त्या मध्यस्थानं हर्षलच्या कानात कायबाय भरलंय."

"काय भरलंय?"

ती दोराकडं बघत राहिली. "काय न्हाई. पोरीचं जमूस्तवर जिवाला घोर हाय नुसता."

मी पुढं विचारलं नाही. तिनं बोलावं असं मला वाटत होतं, आणि ती बोलेल असंही वाटत होतं.

दसऱ्याच्या आधीच चट्टे भरत आले. आधी कडा हिरव्या झाल्या, मग मधून कोवळी पाती वर आली. माझ्या बाजूची परात पुसली गेली, त्यांच्याकडची बशी तर शोधून सापडेना. मी हर्षलला मुद्दाम हाक मारून गॅलरीतून खाली बोलावलं आणि अनवाणी चालायला लावलं. "बघ," म्हटलं. "कुठं आहे दाखव." तो चालला, वाकून बघितलं, म्हणाला, "कमाल केली काकू तुम्ही." त्या रात्री मला गाढ झोप लागली. मला खरोखर वाटलं होतं की मी जिंकले.

दसरा आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी पांढरी साडी नेसले, आणि प्रवीण आणि मी सकाळी विहारात गेलो. वंदना झाली, भाषणं झाली, खीर झाली. दुपारी परत आलो. रिक्षातून उतरले आणि फाटकातच थांबले.

हिरव्या लॉनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्कीची पांढरी रेघ मारली होती. सुतानं धरून मारावी तशी सरळ. रेघेच्या एका टोकाला हातभर खड्डा, त्यात एक वीट, विटेवर हळदकुंकू, फुटलेला नारळ आणि आपट्याची पानं. गवंडी नमस्कार करून उठत होता. हर्षल, गोरक्षभाऊ आणि मालनबाई शेजारी उभे होते. मालनबाईच्या हातात ओवाळणीचं ताट होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काकू, आज साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त," हर्षल म्हणाला. "म्हटलं सुरुवात करून घ्यावी."

"बुरशी गेली ना?"

"गेली ना. तुमच्यामुळंच गेली. पण परत येऊ नये म्हणून. भिंत असली की कसं, प्रश्नच राहत नाही."

"हर्षल, बुरशी हवेतून जाते. पाण्यातून जाते. तुझ्या बापाच्या मशीनमधून जाते. सहा फुटी भिंतीला ती विचारत नाही. तू कारण बुरशीचं दिलंस, ते मी काढून टाकलं. आता खरं कारण सांग."

"काकू, तसं काही नाही."

"तसं म्हणजे कसं? मी अजून काही म्हणालेच नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. गोरक्षभाऊ पुढं आले. "सिस्टर, सनाचा दिस हाय, नका वाढवू. आमच्या हद्दीत बांधतोय, तुमच्या जागंला बोट लावत न्हाई."

"हद्दीबद्दल मी बोललेच नाही, भाऊ. तुमच्या हद्दीत तुम्ही किल्ला बांधा. मला एवढंच ऐकायचंय की हा कुणासाठी बांधताय. तुमच्या पाहुण्यांना आमच्या दारावरची पाटी दिसू नये म्हणून ना? तेवढं एक वाक्य बोला. मी गवंड्याला चहा करून देते."

गवंडी बिचारा थापी हातात घेऊन विटेकडं बघत होता. प्रवीण माझ्यामागं उभे होते, आणि त्यांनी मला थांबवलं नाही. थंड डोक्याच्या माणसानं तेवढं माझ्यासाठी केलं.

मग मालनबाई पुढं आली. ताटातली आपट्याची पानं तिनं माझ्यापुढं धरली. "सोनं घ्या, ताई."

दरवर्षी ती सोनं द्यायची आणि मी खीर द्यायचे. त्या दिवशी खिरीचा डबा प्रवीणांच्या हातात होता. मी मालनबाईकडं पाहिलं. तिचं माहेर शनिशिंगणापूरचं, जिथं घराला दार लावत नाहीत, आणि ती ताट घेऊन भिंतीच्या पायाची पूजा करायला उभी होती. रोज सकाळी माझ्यासोबत दोर ओढणारी बाई. मला तिचा जितका राग आला तितका हर्षलचाही आला नाही. मी हात पुढं केला नाही. घरात गेले आणि खिरीचा डबा फ्रिजमध्ये ठेवून दिला.

दिवाळीच्या आत भिंत झाली. आमच्या बाजूनं त्यांनी प्लास्टरसुद्धा करून दिलं, रंग कुठला देऊ असं हर्षल विचारायला आला होता. प्रवीणांनी त्याला "राहू दे" म्हणून सांगितलं. पाहुणे आले, चारचाकीतून उतरले, आमच्याकडं न बघता आत गेले. संस्कृतीचं जमलं. पेढे घेऊन मालनबाई रस्त्यावरून वळसा घालून आमच्या फाटकातून आली. पेढा मी खाल्ला, पोरीचा काही दोष नव्हता. मालनबाई बराच वेळ बसली. हॉल कुठला ठरला, साड्या कुठून घ्यायच्या, सगळं बोलली. भिंतीबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. पण मी गप्प बसले ते तिनं बोलावं म्हणून, आणि ती गप्प बसली ते मी विसरावं म्हणून. ती गेल्यावर मी बराच वेळ भांडी आपटत होते.

मग थंडी पडली. एका सकाळी फाटक वाजलं आणि गोरक्षभाऊ आत आले. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

"सिस्टर, जरा चला माझ्याबरुबर. लॉन गेलं."

"काय झालं?"

"तेच. पानी पहाटंच देतो, तुमी सांगितल्याबरहुकूम. युरिया शिवलो न्हाई. औषिद दोनदा मारलं. तरी रुपयाएवढाले डाग, अख्ख्या अंगनात. पुढच्या म्हैन्यात संस्कृतीची हळद हाय अंगनात. काय करू?"

जाऊ नये असं मनात आलं. पण पेशंट आला की उठायचं, ही सवय मोडत नाही. रस्त्यावरून वळसा घेऊन मी त्यांच्या अंगणात गेले. भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच. सूर्य चांगला वर आला होता, माझ्या अंगणात ऊन पसरलं होतं, आणि इथं भिंतीची सावली निम्म्या लॉनवर आडवी पडली होती. मी खाली बसले, गवतावर हात ठेवला. पहाटेचं दव अजून तसंच. तळहात ओला झाला, गारठला. वाराही नव्हता.

"भाऊ, तुमच्या पाण्याचा दोष नाही," मी म्हणाले. "औषधाचाही नाही. सकाळचं कोवळं ऊन पूर्वेकडून येतं. ते गवत वाळवतं. तुम्ही पूर्वेला भिंत घातली. आता इथं कुठलंही औषध मारा, दोन आठवडे टिकेल आणि पुन्हा डाग पडतील."

गोरक्षभाऊ भिंतीकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलंच हुतं. मी काय म्हनतो, सिस्टर, वरची निम्मी काडून टाकतो. कमरेएवढी ठेवतो. मंग येईल ना ऊन?"

"येईल."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग तुमी एक करा. हर्षलला तुमीच सांगा. शास्त्रीय कारन सांगा, ऊन, हवा, बुरशी, समदं. माझं ऐकायचा न्हाई तो. तुमचं ऐकंल. पाव्हन्यांनी इचारलं तरी सांगता येईल, लॉनसाठी काडली म्हनून. कुनाला वाईट वाटायला नको."

मी उठून उभी राहिले. गुडघ्यांवर ओलं गवत चिकटलं होतं, ते झटकलं. मी आवाज चढवला नाही.

"म्हणजे भाऊ, माझ्या अंगणावरचं ऊन तुम्हाला चालतं. मी चालत नाही."

"तसं न्हाई ओ..."

"तसंच आहे. बुरशीचं नाव पुढं करून तुम्ही भिंत बांधली. आता बुरशीचंच नाव पुढं करून निम्मी पाडणार, आणि ते नाव माझ्या तोंडून वदवून घेणार. मी सांगणार नाही. तुम्हाला ती पाडायची असेल तर ज्या कारणानं बांधली ते कारण हर्षलसमोर बोला. पाहुण्यांसमोर बोला. 'शेजारी बौद्ध आहेत म्हणून आम्ही भिंत घातली, आणि ते आमचं चुकलं.' एवढं बोला आणि मग पाडा. निम्मी नाही, सगळी. नाहीतर उभी राहू द्या."

"लॉन मरंल, सिस्टर."

"मरू द्या."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा शब्द मी कुठल्याही पेशंटबद्दल उच्चारला नव्हता. आडनाव विचारून मग पाणी मागणाऱ्या पेशंटबद्दलसुद्धा नाही. गोरक्षभाऊ टोपी हातात फिरवत उभे राहिले. म्हातारा दिसत होता माणूस. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

मालनबाई ओट्यावर उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही. तिनं सगळं ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ओठ हलले. मी तिच्याकडं बघत थांबले. मनात म्हटलं, बोल. तू बोललीस तर मी आत्ता या ओल्या गवतात तुझ्याशेजारी बसेन.

"ताई," ती म्हणाली, "च्या टाकू का?"

"चहा नको, मालन. बोल."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं. मग पदर खोचून आत गेली. थोड्या वेळानं आल्याच्या चहाचा वास आला. मी फाटक उघडलं आणि रस्त्यावरून वळसा घालून माझ्या घरी आले.